जीभ तुपाशी, कान उपाशी

दिवाळीच्या दिवसांत मराठी माणसाची जीभ जेवढी चोखंदळ होते, तेवढी ती वर्षाच्या उरलेल्या ३६० दिवसांत कधी नसते. चकलीला काटा सुटला नाही, करंजीचा खुळखुळा झाला, अनारसा तुपात हसला, चिवड्यात खोबऱ्याचे काप कमी पडले, अशा बारीकसारीक गोष्टींची घरोघर नोंद होते. शेजारणीकडून ताट आले की त्यावरचा रुमाल दूर होतो न होतो तोच परीक्षा सुरू होते, आणि ती इतकी कडक असते की विद्यापीठांनी तिच्यापासून धडा घ्यावा. हे सारे मला मान्य आहे. बेसनाचा लाडू कच्चट राहिलेला ज्या समाजाला एका घासात कळतो, त्याची रसना जिवंत आहे. माझी तक्रार त्याच माणसाच्या कानांविषयी आहे. जिभेचे एवढे लाड करणारा हा गृहस्थ कानांना मात्र वर्षानुवर्षे शिळेपाके वाढतो, आणि ते शिळे आहे हेही त्याला उमगत नाही.

पाहा ना. पहाटे अभ्यंगस्नान झाले की ‘दिवाळी पहाट’. आमच्या नाशिकला पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे मैफल होते, आणि लोक थंडीत शाली-स्वेटर घालून अंधारात येऊन बसतात, ही गोष्ट गावाला भूषणावह आहे. पण गावोगावच्या, नाक्यानाक्यावरच्या साऱ्या पहाटा एकत्र करून पाहिल्या तर काय दिसते? तीच पंधरा-वीस गाणी. ती चांगली आहेत यात शंकाच नाही. वाईट असती तर इतकी वर्षे टिकली नसती. परंतु चांगला म्हणून चिवडाच रोज सकाळ-संध्याकाळ वाढला तर कोणता पाहुणा दुसऱ्यांदा दारात उभा राहील? संध्याकाळी मिरवणुकीच्या गाडीवरची ध्वनिवर्धकांची भिंत थडथडू लागते, घरातली भांडी फडताळात नाचू लागतात, आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून बसतात. १९ वर्षांचा नातू या दोन्ही गोष्टींकडे पाठ फिरवून, कानांत बोंडे खुपसून, अमेरिकेतल्या कुणा गवयाचे गाणे एकटाच ऐकत असतो.

एका घरात तीन पंगती, आणि एका पंगतीचे वाढलेले दुसरीला चालत नाही. आजोबा म्हणतात, ‘हा परकी गोंगाट आहे.’ नातू म्हणतो, ‘हे तुमचे रडगाणे आहे.’ मधल्या पिढीचा गृहस्थ म्हणतो, ‘जाऊ द्या हो, सणासुदीला वाद कशाला?’ मला नेमका हा वाद सणासुदीलाच घालायचा आहे, कारण सारे घर एका ठिकाणी सापडते ते याच दिवसांत.

प्रथम आजोबांकडे वळतो, मान वडीलधाऱ्यांचा. परकी संगीत म्हणजे गोंगाट, असे म्हणणाऱ्यांनी ते किती ऐकले आहे? ज्याला अमेरिकेत ‘कंट्री’ म्हणतात, त्याचा अर्थच मुळी ‘गावाकडचे’. १९२७ साली जुलै संपता संपता राल्फ पीअर नावाचा ध्वनिमुद्रिका कंपनीचा माणूस ब्रिस्टल या गावी यंत्रे घेऊन गेला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले. आपल्याकडे बेळगाव-निपाणीकडची माणसे जशी दोन मुलखांत पाय ठेवून असतात, तशातला प्रकार. पीअरने एका टोपीच्या जुन्या गोदामात मुक्काम ठोकला आणि डोंगरातल्या माणसांना ‘या, गा’ म्हणून बोलावले. पंधरवड्याच्या आत ७६ गाणी मुद्रित झाली. आलेल्यांत कार्टर कुटुंब होते: नवरा, बायको आणि भावजय. भावजय मेबल अठरा वर्षांची, गरोदर. गाडीतून कच्च्या रस्त्याने खडखडत आलेली. तिने गिटारीच्या जाड तारांवर अंगठ्याने सूर आणि उरलेल्या तारांवर बोटांनी ठेका अशी जी रीत बसवली, ती पुढे सगळ्या मुलखाने उचलली. त्याच दिवसांत जिमी रॉजर्सही तेथे गायला. हा रेल्वेत ब्रेक्समन होता. क्षयाने नोकरी गेली आणि १९३३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो मेला. आजोबा, हा गोंगाट कसा झाला? ही तर आपल्या जात्यावरच्या आणि मोटेवरच्या माणसांची चुलतभावंडे!

आता विषय पाहा. मर्ल ट्रॅव्हिसने १९४६ साली ‘सिक्स्टीन टन्स’ नावाचे गाणे रचले. खाणकामगार ढोर मेहनत करतो, पण पगार कंपनीच्याच दुकानात उधारी फेडण्यात जातो आणि देणे काही सरत नाही. सावकाराच्या चोपडीत ज्यांच्या आज्या-पणज्यांचे अंगठे उमटले आहेत, त्या शेतकऱ्यांच्या महाराष्ट्राला हे गाणे परके वाटायचे काही कारण आहे काय? जॉनी कॅश हा गायक १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्समच्या तुरुंगात गेला आणि कैद्यांपुढे गायला. टाळ्या-शिट्ट्यांसकट तेथेच ध्वनिमुद्रिका केली. १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ ज्या गावच्या तुरुंगात बसून लिहिली, त्या गावच्या माणसाला तरी तुरुंगाच्या भिंतींतून कोणता ओलावा झिरपू शकतो हे सांगावे लागू नये.

‘पण वाद्ये परकी आहेत ना!’ अहो, आपल्या घरातली सोवळी वाद्ये तरी कुठली आहेत? ज्या पेटीवाचून आपले भजन बसत नाही आणि ज्या पेटीवाचून आपले नाट्यपद उठत नाही, ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आकाशवाणीने तिला १९४० साली दाराबाहेर काढले, आणि १९७१ पर्यंत ती पायरीवर उभी होती. म्हणून कीर्तनकाराने तिला टाकले काय? गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला ‘बेंजो’ म्हणतो, ते बटणांचे वाद्य जपानी ‘ताइशोगोतो’चे वंशज आहे, ते जपानात १९१२ साली जन्मले. आणि ज्याचे नाव त्याने उसने घेतले, तो खरा बँजो आफ्रिकेतून गुलामांच्या आठवणीतून अमेरिकेत गेला. त्याचे पहिले अंग भोपळ्याचे होते, वर कातडे ताणलेले. भोपळा आपल्या तंबोऱ्याला, भोपळा आमच्या आदिवासींच्या तारप्याला, भोपळा त्या बँजोला. साऱ्या जगाचे गाणे एका वेलावर लागलेले असताना, आपण मात्र कुंपण घालून बसलो आहोत.

आता नातवाकडे. बाळ, आजोबांना दोन शब्द ऐकवले म्हणून तू हसू नकोस. तुझी पाळी जास्त कडक आहे, कारण तुला कान आहेत आणि ते तू अर्धेच वापरतोस.

तू रॉक ऐकतोस; ऐक. पण रॉकची आजी कोण, हे तुला ठाऊक आहे काय? मिसिसिपीच्या कापूसमळ्यात राबणारा मडी वॉटर्स. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्सने मळ्यावर जाऊन त्याची गाणी टिपली. १९४३ साली तो शिकागोच्या कारखान्यांकडे गेला, आणि शहराच्या गलबल्यात आवाज पोचेना म्हणून त्याने विजेची गिटार धरली. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध ताफ्याने आपले नावच मुळी त्याच्या गाण्यावरून घेतले. गावचा माणूस पोटासाठी शहरात जातो आणि आपले गाणे बरोबर नेतो, ही कथा तुझ्या इतकी ओळखीची असायला हवी की तू दचकून उठायला हवास. कारण वाटेगावाहून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड म्हणजे तेच आहे: घर मागे राहिले, माणूस मागे राहिले, आणि शहर पुढ्यात आ वासून उभे आहे.

बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा तुझ्या वयाच्या मुलांना केवढा आनंद झाला! गाणे लिहिणाऱ्याला कवी मानले म्हणून. फार छान. पण गाणे लिहिणाऱ्याला कवी मानायला या मुलखाला स्टॉकहोमची परवानगी कशाला हवी होती? सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे गाव नाशिकहून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक जन्मले. मुंबईत मिळेल ते काम केले, अक्षरओळखही मोठेपणीच झाली, आणि मग हजारो गीते रचून हा माणूस खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत आयुष्यभर गात फिरला. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. डिलनची गाणी तुला पाठ आहेत. वामनदादांचे एक तरी तुला अर्धे येते काय?

नाशिकच्या द्राक्षमळ्यात २००८ सालापासून सुला फेस्ट भरू लागला. देशोदेशीचे ताफे आले, मुंबई-पुण्याहून मोटारी भरून तरुण आले, मधल्या खंडानंतर २०२५ साली तो पुन्हा भरला. त्याला माझी मुळीच हरकत नाही. द्राक्षेसुद्धा आपल्याकडे बाहेरूनच आली आणि आता ती नाशिकची म्हणून विकली जातात. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला त्या मळ्यापर्यंतचा रस्ता सापडतो त्याला पेठच्या घाटाचा रस्ता का सापडू नये? पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूला, भाताची खाचरे पिवळी पडली की तारपा वाजतो. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजवायला मेण, आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गाल फुगवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. तो मधे, नाचणारे त्याच्या भोवती. तो वळेल तिकडे सारी रांग वळते. सुरगाणा-कळवणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. कोकणा कथेकरी काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी करतो, ती दोन बोटांनी वरून खाली ओढीत राहतो, आणि त्या अखंड घुमणाऱ्या सुरावर रात्रभर कथा सांगतो. ज्याला विजेच्या गिटारीचा लांबवलेला सूर अंगावर काटा आणतो, त्याने ही थाळी एकदा अंधारात ऐकावी.

आणि गंमत अशी की, तारपा आपल्या घरात आलेला आहेच! दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहा. पांढऱ्या रेघांचे वारली चित्र, त्यात माणसांचे वेटोळे, आणि मधोमध वाकलेला तो तारपेवाला. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाल्यापासून तर हे चित्र चहाच्या कपावर, पडद्यावर, साडीच्या पदरावर, दिवाळीच्या भेटकार्डावर, सगळीकडे आले. आपण तारपा भिंतीला लावला, अंगाला गुंडाळला, त्यातून चहा प्यालो. ऐकला मात्र नाही. चित्र मुके असते म्हणून ते दिवाणखान्यात चालते. गाण्याबरोबर माणूस येतो, आणि माणूस आला की त्याला बसायला पाट द्यावा लागतो.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याला हात घालतो, आणि तो फराळाच्या ताटाबरोबर गिळायला थोडा अवघड आहे. आपल्या कानांना शिवाशिव आहे.

हलगी कोण वाजवीत आले, संबळ कुणाच्या गळ्यात असतो, डोलकीच्या फडावर कोण उभे राहत आले, डफ घेऊन दारात कोण येते, हे आपल्याला न सांगता कळते. आणि ते कळल्यावर आपले कान आपोआप ठरवतात की हे ‘संगीत’ आहे की नुसती ‘वाजंत्री’. शास्त्रीय गाण्याला दरबारातून आणि कोठीतून काढून सभ्य माणसांच्या सभागृहात आणण्यासाठी विष्णु दिगंबर पलुस्करांनी हयात घातली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा थोर पुरुष उत्तरायुष्यात आमच्या नाशिकलाच राहिला. त्यांच्या कष्टामुळे आज मुलीला गाण्याच्या क्लासला घालताना कुणा बापाला लाज वाटत नाही. लोकगीताच्या वाट्याला असा पलुस्कर आला नाही. म्हणून विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाले तरी त्यांचे शेवटचे दिवस विपन्नावस्थेतच गेले. लावणी चित्रपटात आली, तिथे तिला गालिचा अंथरला, तेव्हा आपण तिला घरात घेतली. फडावर होती तोवर ती ‘बाहेरची’ होती.

२ मार्च १९३० रोजी ज्या गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या गावाला हे सांगताना मला संकोच वाटत नाही. त्या लढ्याच्या काळात नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आपला जलसा घेऊन वस्त्यांतून फिरत होते. जी गोष्ट भाषणाने होत नाही ती गाण्याने करीत होते. देवळाची दारे पुढे उघडली. कानांची दारे अजून किलकिली आहेत. दर वर्षी १४ एप्रिलला वस्तीतून ऐकू येणाऱ्या गाण्यांना आपण खिडकी लावून घेतो आणि ‘आवाज फार’ असे कारण सांगतो. आवाज फार असतोच. त्याविषयी मी पुढे बोलणार आहे. पण खिडकी उघडी ठेवून शब्द कधी ऐकले आहेत काय?

हा रोग केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात कंपन्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या दोन याद्या केल्या: काळ्यांच्या गाण्यांची एक, डोंगरी गोऱ्यांच्या गाण्यांची दुसरी. गाणारे मात्र एकमेकांकडून सर्रास शिकत होते. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगराडोंगरांतून जुनी गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णी गिटारवाला असे. एक पाय अपघातात गमावलेला. शब्द कार्टर टिपून घेई, चाल रिडल ध्यानात ठेवी. तबकड्यांवर नाव छापले गेले कार्टरांचे. डीफोर्ड बेली हा काळा माउथऑर्गनवाला नॅशव्हिलच्या नभोवाणीवरचा अत्यंत लोकप्रिय कलावंत. १९४१ साली त्याला नारळ मिळाला, आणि कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्से या कृष्णवर्णी गायिकेच्या ‘काउबॉय कार्टर’ला कंट्रीचे ग्रॅमी मिळाले तेव्हाही ‘हे कंट्री आहे काय?’ म्हणून कुरकुर झालीच. तिकडे रंग, इकडे जात. फरक एवढाच की तिकडे शंभर वर्षांनी का होईना, रिडलचे नाव उच्चारले जाऊ लागले आहे. आपल्या रिडलांची नावे विचारायलाही आपण अजून सुरुवात केलेली नाही.

आता आवाजाविषयी. ध्वनिवर्धकांच्या भिंतीला लोकसंगीत म्हणणाऱ्यांशी माझा उभा दावा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवा, रसिकतेचा प्रश्न घ्या. नाशिकचा ढोल या मुलखाबाहेर इतका नावाजला आहे की केरळात मिरवणुकांपुढे वाजणाऱ्या ताफ्यांनाही ‘नासिक ढोल’ म्हणतात. रंगपंचमीला आमच्या गावात पेशवाईच्या काळापासूनच्या रहाडी उघडतात, तेव्हा त्या ढोलाचा ठोका पोटात उमटतो, आणि तो माणसाच्या मनगटातून आलेला असतो. मनगट दमते, थांबते, श्वास घेते. यंत्र दमत नाही, म्हणून ते ऐकणाऱ्याला दमवते. ज्या मंडळांनी हलगीवाल्याला काढून भिंत आणली, त्यांनी संगीत मोठे केले असा त्यांचा समज असेल. त्यांनी एका कलावंताची भाकरी काढून घेतली आणि म्हाताऱ्यांची झोप.

कुणी म्हणेल, हे काम सरकारने करावे. सरकारने ते करून पाहिले आहे! १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते आपल्यातलेच, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. देशाची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. देशाने काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५७ साली विविध भारती काढून सरकारला निमूटपणे माघार घ्यावी लागली. हुकमाने रसिक होत नाहीत. कुणाला लाडू आवडावा म्हणून त्याच्या तोंडात तो कोंबण्यासारखेच ते आहे.

दुसरे कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे. सारे जगाचे संगीत खिशात आहे. तोच सुचवतो काय ऐकायचे ते. हे सुचवणे मी पाहिले आहे. तुम्ही काल जे ऐकलेत त्याच्यासारखेच तो आज वाढतो, आणि आज जे ऐकाल त्याच्यासारखेच उद्या. हा सुगरणीचा आग्रह नव्हे, हा खाणावळवाल्याचा हिशेब आहे. जे लाखोंनी ऐकले ते तो पुढे करतो. सुरगाण्याच्या म्हाताऱ्याची थाळी कुणी मुद्रित केली नसेल तर ती त्याच्या लेखी जन्मलीच नाही. आणि मुख्य म्हणजे, तो तुम्हाला ओळखत नाही. शेजारीण ओळखते. तिला ठाऊक असते की तुमच्या घरी गोड कमी खातात, म्हणून ती कडबोळी जास्त घालते. चांगले गाणे आजवर माणसाकडून माणसाकडेच गेले आहे. बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात गात गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांपुढे नेली, आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर वर्षाने, महाराष्ट्राला त्यांची गाणी मिळाली. या साखळीत एकही यंत्र नाही. ‘हे ऐकाच!’ असे दुसऱ्याला सांगणारी माणसे तेवढी आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. या दिवाळीत फराळाबरोबर गाण्यांची देवघेव करा. नुसता उपदेश करून मोकळा होणारा मी नव्हे; ताट मीच पहिल्याने पाठवतो. रुमाल दूर करा.

वसुबारस. शहरात आपण गाय-वासरू पूजतो. त्याच दिवशी त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात आदिवासी वाघबारस करतात. ज्याच्या जबड्यातून गाय वाचवायची त्यालाच नैवेद्य दाखवतात! त्या दिवशी तारपा ऐका. शक्य असेल तर गाडी काढून, ओळखीच्या माणसाला विचारून, बोलावले असेल तेथे जाऊन ऐका. तमाशा पाहायला आल्यासारखे मात्र जाऊ नका.

धनत्रयोदशी. धनाच्या पूजेच्या दिवशी कर्जाचे गाणे ऐकावे, म्हणजे डोके ठिकाणावर राहते. ‘सिक्स्टीन टन्स’ ऐका, आणि त्यापाठोपाठ वामनदादांची कोणतीही चार गीते. इंग्रजी शब्द आजोबांना नातवाने समजावून सांगावेत. मराठीतले नातवाला आजोबांनी.

नरकचतुर्दशी. उठणे लागते तेच मुळी पहाटे. विठ्ठल उमपांचे भारूड लावा. आवाजात मिश्किलपणा आणि वेदना एका श्वासात कशी राहते, ते कळेल. त्यांचे देहावसानही २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर झाले.

लक्ष्मीपूजन. घरची लक्ष्मी शेकडो वर्षे पहाटे चारला उठून दळत होती आणि गात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. दहा ओव्या ऐका. मग घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारा, ‘तुम्हाला येतात का?’ आणि ती गाऊ लागली तर खिशातले ते यंत्र पहिल्यांदा खऱ्या कामाला लावा: मुद्रित करून ठेवा.

पाडवा. हा बळीचा दिवस. संबळ आणि तुणतुण्यावरचा गोंधळ ऐका. रात्री ‘इंडियन ओशन’ या ताफ्याचे ‘मा रेवा’ ऐका. २००० सालच्या ‘कंदिसा’त आहे. नर्मदेकाठचे जुने गाणे गिटारीच्या पंगतीला बसूनही कसे आपले राहते, हे आजोबांना पटेल, आणि रॉक केवळ समुद्रापलीकडून येत नाही, हे नातवाला.

भाऊबीज. कार्टर कुटुंब ऐका. एका घरची तीन माणसे, दोन वाद्ये, आवाजाला कसलाही साज नाही. बहिणीने भावाला एक गाणे सुचवावे, भावाने ओवाळणीबरोबर बहिणीला एक. पैशाचे पाकीट दोन दिवसांत रिकामे होते. सुचवलेले गाणे चाळीस वर्षांनीही ते सुचवणाऱ्याच्या नावासकट आठवते.

हे ताट कुणाला पुरे वाटणार नाही. सुलोचना चव्हाण कुठे आहेत, यमुनाबाई वाईकर कुठे आहेत, शाहीर साबळे, अमर शेख, प्रल्हाद शिंदे कुठे आहेत, म्हणून तुम्ही माझ्यावर तुटून पडाल. पडाच! मला तेच हवे आहे. फराळाचे ताट शेजाऱ्याला रिकामे परत करायचे नसते, ही आपली रीत आहे. माझ्या ताटात तुमच्या घरची गाणी घाला आणि धाडा. निदान शेजारच्या घरी तरी धाडा. एक अट तेवढी पाळा: त्यांतले एक गाणे असे असू द्या की ज्याच्या गाणाऱ्याला तुम्ही आजवर आपल्या ओट्यावरही बसवले नव्हते.